काळोखाची कळ

अडतीस वर्षें ज्यानें खडू आणि फळा ह्यांच्या जोरावर संसार केला, त्यानें साठी उलटल्यावर नवें हत्यार हातीं धरूं नये, असें माझें पुष्कळ दिवस मत होतें. २०२४ च्या आषाढांत तें मत मला सोडावें लागलें. तें कां सोडावें लागलें आणि सोडतांना काय हातीं लागलें, हें आज वाचकांपुढें ठेवीत आहें. हकीकत अगदीं घरगुती आहे. परंतु चारपांच माणसें एका छपराखालीं राहिलीं, कीं अशी एखादी हकीकत प्रत्येक घरीं असतेच. म्हणून ती सांगण्याचें धाडस करतों.

मी नरखेड तालुक्याचा रहिवासी. नागपूर जिल्ह्याच्या नकाशांत वायव्येचें जें टोंक दिसतें, तो आमचा तालुका. वरच्या अंगास मध्यप्रदेशची हद्द, पश्चिमेस वर्धा नदी, तिच्या पलीकडे अमरावती जिल्हा, आणि मधल्या काळ्या जमिनींत संत्र्यांचे बगीचे. जुन्या अकरावीची मॅट्रिक, मग अध्यापनाची पदविका, आणि वडिलांपाशीं बसून केलेलें व्याकरण व काव्यें, एवढीच माझी विद्या. तिच्यावर १९७८ पासून २०१६ पर्यंत शाळेंत मराठी व संस्कृत शिकविलें. घर एकत्र आहे. थोरले बंधु दादा आतां ऐंशीच्या घरांत आहेत. त्यांच्या शब्दावांचून अद्यापि आमच्याकडे दाराचा रंगही ठरत नाहीं. दोघां भावांच्या मुला-सुना, नातवंडें मिळून तेरा पानें बसतात.

त्या वर्षीं जुलैच्या पहिल्या आठवड्यांत तालुक्यांतील एका शाळेचे मुख्याध्यापक घरीं आले. एके काळीं ते माझ्या वर्गांत पहिल्या बांकावर बसत. चहा झाल्यावर म्हणाले, “गुरुजी, तीस जुलैला आमच्या मुलांशीं मोवाडच्या पुराविषयीं बोलावं, अशी विनंती आहे. नववी-दहावीचीं मुलं, त्यांच्या बापांच्याच लहानपणची ही गोष्ट. त्यांना कांहीं म्हणजे कांहीं ठाऊक नाहीं.”

दादा पलीकडे बंगईवर बसले होते. बंगईची कुरकुर क्षणभर थांबली, आणि पुन्हां सुरू झाली.

मोवाड आमच्याच तालुक्यांत, वर्धेच्या काठीं. १८६७ सालापासून तेथें नगरपालिका आहे, इतकें तें जुनें आणि नांदतें गांव. ३० जुलै १९९१ रोजीं वर्धेचा महापूर त्या गांवांत शिरला. दोनशेंहून अधिक माणसें दगावलीं. घरांची तर गणतीच नव्हती. पुढें गांव उंचावरच्या जागेवर नव्यानें वसविण्यांत आलें. हें सारें मला ठाऊक होतें. आणि आमच्या घरीं ह्या गोष्टीचा उच्चार तेहतीस वर्षांत कोणीं केलेला नव्हता, हेंही ठाऊक होतें. मी नाहीं म्हणणार, तोंच दादा बंगईवरून म्हणाले, “जाईल तो. बोलेल.” तेव्हां प्रश्नच उरला नाहीं.

मुख्याध्यापकांनीं जातां जातां आणखी एक अट घातली. “नुसतं बोललांत तर मुलं दहा मिनिटांत चुळबुळ करूं लागतील. नकाशे, फोटो, सगळं पडद्यावर दाखवा. प्रोजेक्टर आहे आमच्याकडे.”

माझी थोरली नात तेव्हां बारावींत होती. ती म्हणाली, “आबा, आठ दिवसांत तुम्हांला पॉवरपॉइंट शिकवते.” ज्या मुलीला मीं ‘राम’ शब्द चालवायला शिकविला, तिच्यापुढें मी पाटीवरच्या मुलासारखा बसलों. सूनबाईंनीं दाराआडून हसून घेतलें.

चित्रें जमविणें आणि ओळीनें लावणें हें काम नातीनेंच केलें. माझ्याकडे फक्त चालविण्याचें काम होतें. पण खरी परीक्षा तेथेंच असते. पोथी लिहिणारा निराळा, सांगणारा निराळा. आणि श्रोते ओळखतात ते सांगणाऱ्यास. तिनें मला एकेक कळ नेमून दिली, तीं मीं वहींत उतरून घेतली. माझ्या वयाच्या वाचकांना उपयोग होईल म्हणून त्यांतलें थोडें येथें देतों.

कळफलकाच्या वरच्या ओळींतली ‘एफ ५’ दाबली कीं पहिल्या चित्रापासून प्रयोग सुरू होतो. ‘शिफ्ट’ धरून तीच दाबली, तर आपण जेथें असूं त्या चित्रापासून होतो. मी म्हटलें, म्हणजे पोथी पहिल्या अध्यायापासून लावायची कीं काल मोरपीस ठेवलें होतें तेथून, एवढाच भेद. पुढें जाण्यास उजवा बाण किंवा लांब पट्टी, मागें येण्यास डावा बाण. ‘होम’नें पहिल्या चित्रावर, ‘एंड’नें शेवटच्यावर. ‘एस्केप’नें खेळ खलास. ‘कंट्रोल’बरोबर ‘पी’ दाबली तर पडद्यावर लेखणी उमटते. तिनें नकाशावर रेघ ओढतां येते, आणि ‘ई’ दाबली कीं फळा पुसला जातो. हें कळल्यावर मला प्रथमच त्या यंत्राविषयीं आपुलकी वाटली. ‘विंडोज’च्या खुणेबरोबर ‘पी’ दाबून पडदा वाढवून घेतला, तर श्रोत्यांना एक दिसतें आणि वक्त्याला आपल्यापुढें टिपणें, घड्याळ आणि पुढचें चित्रही दिसतें. कीर्तनकाराच्या मागें उभा राहून हळूच आठवण देणारा झीलकरी असावा, तशी ही सोय.

मधलेंच एखादें चित्र हवें असेल तर त्याचा आंकडा टाइप करून ‘एंटर’ दाबावें. सर्व चित्रें उलटीत बसण्याचें कारण नाहीं. आणि एखादें चित्र गांठोड्यांत असावें पण सर्वांना दिसूं नये असें वाटलें, तर तें झांकून ठेवतां येतें. क्रमानें जातांना तें वगळलें जातें. मात्र त्याचा आंकडा दाबला, कीं तें उघडतें.

शेवटीं तिनें मला ‘बी’ दाखविली. ती दाबतांच सगळा पडदा काळा झाला. पुन्हां दाबली, चित्र जेथल्या तेथें. ‘डब्ल्यू’नें पडदा पांढरा होतो, पण ती म्हणाली, “ती डोळ्यांना बोचते. तुम्ही ‘बी’च वापरा.”

मीं विचारलें, “चित्र दाखवायला एवढा खटाटोप, मग काळोख कशाला?”

“आबा, लोकांचे डोळे पडद्यावर असले, कीं कान तिथंच अडकतात. जें सांगायचं तें फार महत्त्वाचं असेल, तेव्हां पडदा विझवायचा. मग सगळे तुमच्याकडे बघतात.”

ही गोष्ट अडतीस वर्षें मीं फळ्याकडे पाठ करून केली होती. तिला एक कळ आहे, हें मात्र तेव्हां कळलें.

रात्रीं अंथरुणावर पडल्या पडल्या विचार करूं लागलों, तेव्हां वाटलें कीं ह्यांत नवें फारसें नाहीं. बाणभट्टाच्या हर्षचरितांत एक प्रसंग आहे. पिता अत्यवस्थ असल्याचें कळून तरुण हर्ष धांवत राजधानीस येतो. बाजारांतून जातांना त्याला एक यमपट्टिक दिसतो. भोंवतीं पोरांचा घोळका. डाव्या हातीं चित्रांचा पट, त्यावर रेड्यावर बसलेला यम. आणि उजव्या हातांतील बोरूच्या काडीनें तो परलोकाची हकीकत दाखवितो आहे. पडदा, चित्र, काडी आणि पोरें, सातव्या शतकांत सर्व साहित्य सिद्ध होतें. मुद्राराक्षसांत चाणक्याचा हेर असाच यमपट घेऊन घरोघर हिंडतो. आपल्या कोंकणांत, सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या पिंगुळी गांवीं, ठाकर समाजाच्या चित्रकथींनीं ही विद्या आजतागायत जतन केली आहे. रामायण-महाभारतांतील प्रसंगांचीं चित्रें पोथीसारखीं एकावर एक ठेवलेलीं. वीणा, हुडूक व टाळ ह्यांच्या साथीवर कथा गात एकेक चित्र उलटावयाचें. तेथील परशुराम गंगावणे ह्यांना २०२१ सालीं पद्मश्रीनें गौरविण्यांत आलें, तें ह्याच कलेसाठीं.

दिव्याच्या उजेडानें पडद्यावर चित्र पाडण्याचा मोठा उद्योग आपल्याकडे १८९२ सालीं कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनीं केला. कांचेवर हातानें रंगविलेलीं चित्रें, त्यांच्यामागें दिवे, आणि जोडीला निवेदन व संगीत. एकाहून अधिक दिवे एकाच पडद्यावर रोंखून ते आकृतींना हालचालही देत. त्यांनीं त्या खेळास नांव दिलें ‘शांबरिक खरोलिका’. शंबरासुर मायावी, म्हणून शांबरी म्हणजे माया. अमरकोशांत मायेला तोच पर्याय दिला आहे. मुंबईस वॉटसन हॉटेलांत ल्युमिए बंधूंचीं हालतीं चित्रें दिसलीं तीं ७ जुलै १८९६ रोजीं. पटवर्धनांचा पडदा त्याच्या चार वर्षें आधींचा.

आणि माझ्या नातीचें यंत्र? रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन ह्यांनीं फोरथॉट नांवाच्या लहानशा कंपनींत तें सिद्ध केलें, आणि २० एप्रिल १९८७ रोजीं तें बाजारांत आलें. पहिली आवृत्ति केवळ काळीपांढरी आणि मॅकिंटॉश यंत्रापुरती. त्याच वर्षीं मायक्रोसॉफ्टनें तें १ कोटि ४० लक्ष डॉलरांस विकत घेतलें. यमपटाची किंमत इतकी वाढेल, असें चाणक्यालाही वाटलें नसतें.

पण ह्या सर्वांपेक्षां मला वारंवार आठवत होता तो उत्तररामचरिताचा पहिला अंक. भवभूति आम्हां वैदर्भीयांचा कवि. त्याचें पद्मपूर म्हणजे आमगांवजवळचें पदमपूर, असें महामहोपाध्याय मिराशींनीं दाखवून दिलें आहे. तें आतां गोंदिया जिल्ह्यांत मोडतें. त्या अंकांत लक्ष्मण रामसीतांना त्यांच्याच चरित्राचीं चित्रें दाखवितो. चित्रें चालविणारा लक्ष्मण. पाहणारीं तीं दोघें. सीता एका चित्रावर बोट ठेवून ही चौथी कोण, म्हणून मिस्किलपणें विचारते. ती असते ऊर्मिला. लक्ष्मण लाजतो आणि चटकन् परशुरामाचें चित्र पुढें करतो. तेथें रामाची स्तुति होऊं लागतांच राम म्हणतो, पाहण्यासारखें पुष्कळ आहे, दुसरें दाखव. मंथरेचें चित्र येतें, तेव्हां राम कांहींएक न बोलतां पुढच्याकडे वळतो. मधल्या आईचा बोभाटा नको, म्हणून तें वगळलें, हें लक्ष्मण मनांत ओळखतो. शेवटीं माल्यवान् पर्वत येतो. सीतेच्या विरहांत जेथें दिवस कंठले, तो. तेथें मात्र रामाला सोसवत नाहीं. तो लक्ष्मणाला म्हणतो, थांब, ह्यापुढें मला पाहवणार नाहीं. सीता शेजारींच बसलेली आहे, तरीही.

कोणतें चित्र दाखवावें, कोणतें वगळावें आणि कोठें थांबावें, ही सगळी विद्या त्या अंकांत आहे. मीं तो अंक किती वेळां वाचला असेन. पण लक्ष्मणाच्या जागीं स्वतः उभा राहीन, असें वाटलें नव्हतें.

आतां जें टाळीत आलों तें सांगतों. आम्हां दोघां भावांच्या मधली एक बहीण होती. तिला आम्ही माई म्हणत असूं. ती मोवाडास दिलेली होती. १९९१ च्या आषाढी एकादशीस ती माहेरीं आली होती. चार दिवस राहिली. मूलबाळ नव्हतें, सासूबाई थकलेल्या, यजमान कामानिमित्त सदा बाहेरगांवीं. तिला विसांवा असा माहेरींच. गुरुपौर्णिमेच्या संध्याकाळीं ती मला मागच्या अंगणांत गांठून म्हणाली, “अरे, दादाला सांग ना, आणखी आठ दिवस राहूं दे म्हणून. मी सांगितलं तर तो कारण विचारील.” वडील गेल्यापासून घरांत दादांचा शब्द. मी शाळेचे पेपर तपाशीत होतों. म्हटलें, “सांगतों.” आणि सांगितलें नाहीं. विसरलों असें म्हणण्याची सोय नाहीं. दादांपुढें तोंड उघडण्याचा कंटाळा केला, हें खरें आहे. दुसऱ्या दिवशीं दादा म्हणाले, पावसाचे दिवस आहेत, तुझ्या सासूबाई एकट्या असतील. आणि मीच तिची पिशवी उचलून तिला एस. टी.वर बसवून आलों. खिडकींतून तिनें माझ्याकडे पाहिलें. कांहीं बोलली नाहीं.

तीन दिवसांनीं तीस तारीख उजाडली. माई आणि तिच्या सासूबाई, दोघीही गेल्या.

तेव्हांपासून दादा त्या दिवशीं जेवत नाहींत. आपणच तिला परत पाठविलें, हें त्यांनीं कधीं बोलून दाखविलें नाहीं; पण तें आम्हां सर्वांना दिसत होतें. मीं एक वाक्य बोललों असतों, तर त्यांच्या उरावरचें ओझें अर्धें माझ्या उरावर आलें असतें. तें मीं येऊं दिलें नाहीं. तेहतीस वर्षें थोरल्या भावाला एकट्यानें तें वाहूं दिलें.

फोटो जमवितांना नातीला जुन्या ट्रंकेंत माईचा एक फोटो सांपडला. १९८२ सालचा, तुळशीवृंदावनापाशीं उभी, माझा थोरला मुलगा तिच्या कडेवर. नात आपल्या बापाचें बालरूप पाहून हरखली. “आबा, ह्या माईआजी ना? हा घेऊंया?” मीं नको म्हटलें. मग काढूं कां, असें विचारलें, तेंही म्हणवेना. शेवटीं तिनें तो सतराव्या क्रमांकावर घातला आणि झांकून ठेवला. “दिसणार नाहीं, आबा. पण असेल.”

तीस जुलैस सकाळपासून रिपरिप चालू होती. निघतेवेळीं दादा धोतर-सदरा घालून दारांत उभे. मीं विचारलें, “आपण कुठं?” म्हणाले, “तुझं व्याख्यान ऐकायला.” उपाशी होते, तरी आले.

शाळेच्या मोठ्या खोलीस टिनाचें छप्पर. खिडक्यांवर सतरंज्या टांगून अंधार केला होता. समोर दीडएकशें मुलें जमिनीवर, पुढें खुर्चीवर दादा, पाठीमागें नात. मीं ‘एफ ५’ दाबली. पहिलें चित्र उमटलें, आणि हात थरथरत होता तो थांबला. मुलतईजवळ सातपुड्यांत वर्धेचा उगम, तिचा आमच्या हद्दीवरून जाणारा प्रवाह, पुढें वैनगंगेशीं संगम होऊन होणारी प्राणहिता, हें सर्व नीट झालें. लेखणीनें नकाशावर रेघही ओढली. मुलें खूष झालीं. पाऊस डोंगरांत कोसळतो आणि पूर खालच्या गांवांत येतो, त्या मधल्या वेळाचें मोल काय, हें समजाविलें. गांव उंचावर कां हलविलें तें सांगितलें. आंकडे सांगितले. दादांकडे पाहिलें नाहीं.

सोळावें चित्र चालू असतां एक मुलगी उभी राहून म्हणाली, “सर, नदी कोणत्या बाजूनं आली? नकाशा पुन्हां दाखवा नं.” नकाशा सातवा. मीं सात दाबून ‘एंटर’ केलें. परंतु त्यापूर्वीं टिपणाचा कागद उचलतांना माझें बोट एकाच्या आंकड्यावर पडलें असावें. यंत्रानें सतरा वाचलें.

माई पडद्यावर आली. भिंतीएवढी. कडेवर मूल, पाठीमागें तुळस, आणि तोंडावर तें अर्धें हसूं, एस. टी.च्या खिडकींत जें नव्हतें तें.

मागें जावें कीं पुढें, कांहीं सुचेना. बोट आपोआप ‘बी’वर गेलें. पडदा काळा झाला. खोलींत गच्च अंधार, आणि टिनावर पाऊस. मुलें गप्प. नात म्हणाली होती तसेंच झालें. सर्वांचीं तोंडें माझ्याकडे वळलेलीं होतीं. दिसत नव्हतीं, पण तें कळत होतें. खुर्ची करकरली, तीही ऐकूं आली.

तेथून पुढें जें बोललों तें टिपणांत नव्हतें. मीं म्हटलें, “मुलांनो, आतां तुम्हीं पाहिली ती माझी थोरली बहीण. त्या पुरांत गेली. तीन दिवस आधीं ती आमच्या घरीं होती. तिनें मला सांगितलें होतें, घरांत विचार, मला आणखी आठ दिवस राहूं दे. मीं विचारलें नाहीं. मला कंटाळा आला. ज्यांनीं तिला परत पाठविलें असें सगळे समजतात, त्यांच्यापर्यंत तिचा निरोप मीं पोंचविलाच नाहीं. पूर कोणाला अडवितां येत नाहीं. पण कोणीं तुम्हांला निरोप दिला, तर तो त्याच दिवशीं पोंचवीत जा.”

आणखी कांहीं बोलतां आलें नाहीं. मीं पुन्हां ‘बी’ दाबली. माई जेथल्या तेथें होती. तिला अधिक वेळ तशी उभी ठेवूं नये म्हणून बाणाकडे बोट नेलें, तों दादांचा आवाज आला, “राहूं दे. पुढं नेऊं नकोस.”

रामानें थांब म्हटलें तें पाहवेना म्हणून. दादा थांब म्हणाले तें पाहावयाचें होतें म्हणून. किती वेळ गेला कोण जाणे. मुलेंही हललीं नाहींत. मग दादा उठले, पडद्याजवळ गेले, चष्मा पुसून पुन्हां लावला, आणि म्हणाले, “आतां मुलीला तिचा नकाशा दाखव.” मीं सात दाबलें. ह्या वेळीं बरोबर सातवाच आला.

घरीं येईतों कोणी कांहीं बोललें नाहीं. संध्याकाळीं दादा बंगईवर बसले होते. मी पायाशीं बसलों. खूप वेळानें ते म्हणाले, “मला ठाऊक होतं.”

मीं वर पाहिलें.

“तिनं तुझ्या वहिनीलाही सांगितलं होतं. हिनं मला रात्रीं सांगितलं. मीच म्हटलं, जाऊं दे. तूं सांगितलं असतंस, तरी मीं नाहींच म्हटलं असतं. तुझा त्यांत कांहीं संबंध नाहीं. तुला ठाऊक नसेल असं समजून मी गप्प होतों.”

हें खरें, कीं धाकट्या भावाचें ओझें उतरावें म्हणून थोरल्यानें त्या क्षणीं रचलेलें, मला सांगतां येत नाहीं. वहिनी आंत देवघरांत सांजवात लावीत होत्या. त्यांना विचारणें सोपें होतें. मीं विचारलें नाहीं. आणि ह्या वेळचें माझें न विचारणें आळसाचें नव्हतें. दादा इतकेंच म्हणाले, “पान वाढायला सांग.” तेहतीस वर्षांत त्या तारखेस ते प्रथमच जेवले. वहिनींनीं भात वाढतांना पदर डोळ्यांना लावला, तो धुरामुळें नव्हे. आमच्याकडे गॅस येऊन पुष्कळ वर्षें झालीं.

माईचा फोटो मोठा करवून आतां ओसरीवर लावला आहे. नातीनें एकदां विचारलें, “आबा, ती सतरावी स्लाइड झांकलेलीच ठेवूं?” मीं दादांकडे पाहिलें. ते म्हणाले, “उघड.” आतां तो फोटो क्रमानें येतो. पुढच्या वर्षीं त्याच शाळेनें पुन्हां बोलाविलें, तेव्हां आंकडा दाबावा लागला नाहीं.

माझ्या समवयस्क वाचकांना एवढेंच सांगावयाचें आहे कीं, नातवंडें शिकवीत असतील तर शिकून घ्या. पुढें कसें जावें, मागें कसें यावें, हें दोन दिवसांत येतें. ‘बी’ची कळही तीं दाखवितील; तीही सोपी आहे. मात्र ती दाबल्यावर जो अंधार होतो, त्यांत काय बोलावें, हें त्यांना शिकवितां येणार नाहीं. तें आपलें आपणच आणावें लागतें, आणि शक्य तों तेहतीस वर्षें लावूं नयेत.